नारिंगगृहातील पानगळ

नारिंगगृहातील पानगळ : थंड प्रदेशांत कुंड्यांतून किंवा लाकडी पेट्यांतून वाढविलेली नारिंग, लिंबू इ. लिंबूवर्गीय झाडे हिवाळ्यात छपराखाली आणली असता त्यांची पाने पुष्कळदा अकाली गळतात. ही झाडे सदापर्णी असून त्यांचे पान सामान्यतः एक ते दोन वर्षे टिकते. त्यामुळे निष्पर्ण झालेले झाड मेले किंवा मरू घातले आहे, असा समज होतो. मग त्याला अधिक पाणी व अधिक ऊब देण्यात येते आणि अनेकदा ह्या उपचारानेच ते दगावते. यूरोपात अशा झाडांसाठी खास इमारती बांधण्यात आल्या. त्यांना नारिंगगृहे किंवा ऑरेंजरी म्हणतात. त्यांच्या बांधणीत वेळोवेळी झालेले बदल हे बऱ्याच अंशी ह्या पानगळीवर शोधलेले उपाय होत.

इतिहास : लिंबूवर्गीय झाडांचे मूलस्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याचा प्रदेश असावे, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जननिक संशोधनावरून दिसते. संस्कृत ‘नारंग’ हा शब्द फार्सी व अरबी भाषांतून यूरोपात पोहोचला. आंबट नारिंगही अरबांमार्फतच सिसिली व स्पेन येथे गेले. भूमध्य सागराच्या काठी ही झाडे उघड्यावर वाढली. मात्र आल्प्सच्या उत्तरेस त्यांना हिवाळ्यात निवारा आवश्यक ठरला. हायडलबर्ग येथे सतराव्या शतकाच्या आरंभी जमिनीत लावलेल्या झाडांभोवती दर हिवाळ्यात लाकडी घर उभारीत, आत शेगड्या पेटवीत आणि वसंत ऋतूत ते घर मोडून ठेवीत. पुढे झाडे पेट्यांत लावून ती पक्क्या इमारतीत नेण्याची पद्धत रूढ झाली. जोव्हान्नी बात्तिस्ता फेर्रारी ह्यांचा रोम येथील ग्रंथ (१६४६) व यान कोमेलिन ह्यांचा ॲम्स्टरडॅम येथील ग्रंथ (१६७६) ह्यांवरून ह्या छंदाचा प्रसार ध्यानात येतो.

ह्या इमारतींपैकी सर्वांत प्रसिद्ध व्हर्साय येथील होय. चौदाव्या लूईसाठी (कार. १६४३–१७१५) झ्यूल आर्दूअँ-मांसार ह्या वास्तुशिल्पज्ञाने ती १६८४–८६ मध्ये बांधली. तिचे मुख्य दालन सु. १५५ मी. लांब व १३ मी. उंच आहे. जाड भिंती, दक्षिणेकडील उंच खिडक्या व दुहेरी तावदाने ह्यांमुळे आतील तापमान गोठणबिंदूपर्यंत उतरत नाही. साधारणतः मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत झाडे बाहेर ठेवण्याचा तेथील प्रघात आजही चालू आहे. राजाच्या फळबागांचा प्रमुख झां-बातिस्त द ला कँतिनी ह्याच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात (१६९०) नारिंगावर स्वतंत्र प्रकरण असून त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर जॉन ईव्हलिन ह्यांच्या नावे १६९३ मध्ये निघाले.

खुद्द ईव्हलिन ह्यांनी कोंदट व शेगडीने तापलेली हवा झाडांना घातक असते, हे ओळखले होते. बाहेरील भट्टीत तापविलेल्या नळ्यांतून ताजी हवा आत घेण्याची योजना त्यांनी १६९१ मध्ये मांडली. स्टीव्हन हेल्झ ह्यांनी १७२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कुंडीतील लिंबाच्या झाडाचेही बाष्पोच्छ्वास मोजले व सदापर्णी झाडे पानझडी झाडांपेक्षा कमी पाणी टाकतात, असे दाखविले. अर्थात त्यांना पाणीही बेतानेच द्यावयास हवे. प्रकाशाचे महत्त्व मात्र उशिरा पटले. लंडनजवळील क्यू उद्यानात विल्यम चेंबर्झ ह्यांनी १७६१ मध्ये बांधलेले नारिंगगृह देखणे होते व तेथे उष्णतेचीही सोय होती. पण अपुऱ्या प्रकाशामुळे झाडे नीट वाढली नाहीत आणि १८४१ मध्ये ती तेथून हलविण्यात आली. इंग्लंडमधील काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्यानंतर काचेच्या छपरांची गृहे सर्रास बांधली जाऊ लागली.

कारणमीमांसा : लिंबूवर्गीय पानात पाते व देठ ह्यांच्या दरम्यान एक सांधा असतो. पाने पुष्कळदा ह्या सांध्यापाशी सुटतात व देठ काही काळ फांदीवरच राहतो. सांध्यातील पेशींचा एक पातळ थर सैल होऊन पान गळते. एथिलीन वायू ह्या क्रियेस चालना देतो. दिव्यांसाठी वापरण्यात येणाऱ्या कोळशाच्या वायूतील हा घटक वनस्पतींवर परिणाम करतो, हे द्मित्री नेल्यूबॉव्ह ह्यांनी १९०१ मध्ये दाखविले. वनस्पती स्वतःही तो निर्माण करतात, हे १९३४ मध्ये सिद्ध झाले. लाकडाच्या धुरातही एथिलीन असल्याने धुरकट शेगड्यांपासून होणारा अपाय समजण्यासारखा आहे.

झाडात ही क्रिया मुख्यतः तीन परिस्थितींत सुरू होते. (१) मुळांभोवतीची माती थंड व पानांवर ऊन : सु. १३° से. तापमानाखाली मुळांचे कार्य मंदावते. काचेमागील पाने मात्र उन्हाने तापून पाणी गमावतात. माती ओली असूनही झाड तहानलेले राहते. (२) खोली उबदार पण अंधारी : उन्हात तयार झालेली पाने मंद प्रकाशात स्वतःच्या श्वसनापुरतेही अन्न तयार करू शकत नाहीत. आधुनिक तापविलेल्या घरांत हेच कारण अधिक आढळते. (३) पाण्याची अनियमितता : कोरड्या पडलेल्या कुंडीस एकदम भरपूर पाणी दिल्यास मुळांत साठलेले एथिलिनाचे पूर्वद्रव्य पानांत पोहोचते व पाणी मिळाल्यानंतरच पाने गळतात. याउलट, सतत ओल्या मातीत हवेअभावी मुळे कुजतात.

ह्यांपैकी तिसऱ्या परिस्थितीचा बागायतदारांनी हेतुपूर्वक उपयोग करून घेतला आहे. विदर्भात संत्र्याच्या मृग बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून झाडांना ‘ताण’ देतात. पाने कोमेजून काही गळतात व नंतर पाणी मिळताच झाड फुलते. सिसिलीतील लिंबाच्या बागांतही उन्हाळ्यात पाणी तोडून पुढील वर्षी बिगरहंगामी फळे घेण्याची पद्धत आहे. मात्र हे जमिनीत मुळावलेल्या सशक्त झाडास सोसते. कुंडीतील झाडाची शिदोरी अल्प असते.

पान गळणे ही जिवंत पेशींची क्रिया आहे. कडाक्याच्या थंडीनंतर पाने गळाली तर फांदी बहुधा जिवंत असते. पाने वाळून फांदीलाच चिकटून राहिली, तर फांदी मेली असण्याचा संभव अधिक असतो. म्हणून निष्पर्ण झाडास थंड पण उजेडाच्या जागी ठेवणे, माती वरून सुकल्यावरच पाणी देणे आणि नवी पालवी फुटेपर्यंत खत न घालणे इष्ट ठरते. झाड आत-बाहेर नेतानाही प्रकाशातील बदल हळूहळू घडवून आणावा लागतो.