देवदास आणि गणपत शिपाई

बुलढाणा जिल्ह्यात सिनेमा कसा पोचायचा, ते आधी सांगतो. व्यापाराच्या हिशेबात आमचा मुलूख ‘सी.पी. बेरार’ या वाटपक्षेत्रात मोडतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाड ही जोडी १९५६ साली मोडली, पण चित्रपटवाल्यांच्या वहीत ते नाव तसेच राहिले. वितरकांच्या कचेऱ्या भुसावळला आणि अमरावतीला. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या रेल्वेने मलकापूरला उतरत, तिथून एस.टी.च्या टपावर राजूर घाट चढून बुलढाण्याला येत. पेटी उशिरा आली की खेळ उशिरा. मुंबईत लागलेला चित्रपट आमच्या यात्रेतल्या तंबूत येईपर्यंत दोन-चार वर्षे सहज जात. तोवर रिळांवर इतके ओरखडे पडलेले असत की नायकाच्या दुःखात पावसाची भर पडे.

अशाच एका तंबूत मी ‘लैला मजनू’ पाहिला. एच. एस. रवैल यांचा, १९७६चा; ऋषी कपूर आणि रंजिता. मदनमोहन यांनी त्याचे संगीत अर्धे सोडून जगाचा निरोप घेतला होता, ते जयदेव यांनी पुरे केले. घरी येऊन मी दादीला गोष्ट सांगू लागलो, तर तिला ती पाठ! आमच्या घरात बोली दखनी, शाळा मराठी. पण मजनूची गोष्ट दोन्हींच्या आधीपासून घरात होती. अरबस्तानातला कैस, बाराव्या शतकात निजामीने त्याच्यावर फारसीत काव्य रचले, आणि सूफींनी त्याला आपलासा केला. दादीच्या लेखी मजनू हा प्रेमात बुडालेला पोरगा नव्हता, फकीर होता. लैला हरवली म्हणून त्याला वाट सापडली, असे ती म्हणायची. सैलानीच्या दर्ग्यावर येणारे अर्धवेडे लोक दाखवून ती म्हणे, ‘‘ये भी मजनू है.’’

देवदास हा या मजनूचा बंगाली धाकटा भाऊ. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची कादंबरी १९१७ साली आली. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी प्रमथेश बरुआ यांनी ती पडद्यावर आणली. बंगालीत ते स्वतः नायक झाले आणि हिंदीत कुंदनलाल सैगल. हिंदी आवृत्तीचे छायाचित्रण बिमल रॉय यांचे होते. वीस वर्षांनी, १९५५मध्ये, त्यांनीच दिलीपकुमारला घेऊन ती कथा पुन्हा केली. २००२ साली संजय लीला भन्साळींनी तिला झुंबरे लावली. फरक एवढाच, की मजनूच्या विरहाला पलीकडचा किनारा होता. देवदासच्या विरहाला बाटली आहे आणि शेवटी पारोच्या दाराबाहेरचे मरण. सैगलच्या आवाजाने त्या मरणाला असे काही सौंदर्य दिले की देशभरचे तरुण हरण्यालाच प्रेम समजू लागले.

याला उत्तर आले ते पुण्याहून. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ साली पुण्याला आली. व्ही. शांताराम यांना देवदासचा पराभव मानवला नाही. १९३९ साली त्यांनी ‘माणूस’ काढला, हिंदीत ‘आदमी’. गणपत हा साधा पोलीस शिपाई. छाप्यात त्याला मैना भेटते, पोटासाठी गाणारी वेश्या. तो तिला आईपुढे उभी करतो, पण मागचे आयुष्य तिची पाठ सोडत नाही. तिच्या हातून नात्यातल्या एका दुष्ट माणसाचा खून होतो आणि ती तुरुंगात जाते. गणपत सोडवायला येतो, तेव्हा ती नकार देते. तू जग, म्हणून त्याला परत पाठवते. संवाद अनंत काणेकरांचे, संगीत मास्टर कृष्णरावांचे. गणपत झालेले शाहू मोडक हे नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरातले. पुढे कृष्ण म्हणून त्यांच्या तसबिरी देव्हाऱ्यात गेल्या. आपल्या चित्रपटाने असे पुष्कळ उंबरठे न बोलता ओलांडले आहेत. आणि याच चित्रपटात प्रेमिकांच्या तेव्हाच्या गोडगोड युगुलगीतांची यथेच्छ टिंगलही आहे.

बी.ए.ला असताना ‘माणूस’ पाहिला तेव्हा मी पुरता गणपतच्या बाजूचा झालो होतो. आजही तो मला ‘देवदास’पेक्षा मोठा चित्रपट वाटतो. मरण्यापेक्षा कामावर हजर होणे अवघड, हे सांगायला धैर्य लागते. तिकीट मरणाला मिळते. पण दूरदर्शनवर दिलीपकुमारचा ‘देवदास’ लागला त्या संध्याकाळची गोष्ट विसरता येत नाही. गल्लीत एकच टीव्ही. पुरुष गप्प, पोरे कंटाळलेली. पारो दाराकडे धावली, दार बंद झाले, आणि बायकांच्या घोळक्यातून हुंदके आले. शेजारच्या काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, ‘‘त्याले मराले सोपं गेलं, तिले त सैपाक कराचा होता.’’

काकूंचे हे वाक्य मी ‘माणूस’लाही लावून पाहिले. गणपत जगतो, ते मैनेच्या सांगण्यावरून. त्याच्या जगण्याची किंमत ती तुरुंगात फेडते. देवदास असो की गणपत, गोष्ट पुरुषाची. बाई दाराआड किंवा गजाआड.

आमच्या जिल्ह्यात मात्र त्याआधीच एक वेगळा सूर लागला होता. सिंदखेडराजाला जन्मलेले आणि मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांचे शिळेचे गीत जी. एन. जोशी यांनी गायले. त्याची ध्वनिमुद्रिका १९३०च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे सैगलच्या ‘देवदास’आधी, घरोघर गेली. मराठी भावगीताचा इतिहास तिच्यापासून मोजतात. त्या गीतात बोलते ती रानातली बाई. तिची ओढ तिच्याच तोंडची आहे, कुणा नायकाच्या दुःखाची ती सजावट नाही. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या कवीलाच हे सुचावे. चित्रपटाने त्या गीताचा नाद घेतला, तिचे बोलणे फारसे घेतले नाही.

मैनेची भूमिका शांता हुबळीकर यांनी केली. हुबळीकडच्या, मातृभाषा कन्नड. ‘माणूस’मध्ये त्या गिऱ्हाइकांपुढे एकच गाणे अनेक भाषांत म्हणतात, आणि प्रत्येक भाषेत तितक्याच सहज खोटे हसतात. हिंदुस्थानी चित्रपटातले ते फार मोठे हसणे आहे. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी आत्मचरित्र लिहिले, मराठीत, आणि त्याला त्याच गाण्याचे नाव दिले. गणपत त्या पुस्तकात थोडाच वेळ येतो.