दोन धावांचे अंतर : 1991 च्या रणजी करंडक अंतिम सामन्याचा पुनर्विचार

मुंबई व हरयाणा यांच्यात 3 ते 7 मे 1991 या काळात वानखेडे स्टेडियमवर झालेला रणजी करंडकाचा अंतिम सामना स्मरणात राहिला तो अखेरच्या धावबादमुळे. तथापि मुंबईच्या पराभवाचे मूळ पहिल्या डावात आहे. दीपक शर्मा यांच्या 199 धावांच्या बळावर हरयाणाने 522 धावा उभारल्या; मुंबईचा डाव 410 वर आटोपला. या आघाडीमुळे सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक कपिल देव यांच्या संघाकडेच गेला असता. अखेरच्या दिवशी 355 धावांचा पाठलाग हे मुंबईचे साहस नव्हते. ती अपरिहार्यता होती. वांद्र्यात वाढलेल्या 18 वर्षांच्या सचिन तेंडुलकर यांनी 75 चेंडूंत 96 धावा फटकावल्या, त्याही याच निकडीतून. नववा गडी पडला तेव्हा 50 धावा हव्या होत्या. दिलीप वेंगसरकर व अबे कुरुविला यांनी 47 जमविल्या. पायात गोळे आलेल्या वेंगसरकरांसाठी लालचंद राजपूत धावत होते. कुरुविला धावबाद झाले. धावफलक 352 वर थांबला. हा पराभव एकट्या कुरुविलांच्या माथी मारणे अर्थातच अन्यायाचे ठरेल. 139 धावांवर नाबाद राहिलेल्या वेंगसरकरांना मैदानावरच अश्रू आवरले नाहीत. हरयाणाचे ते पहिलेच रणजी विजेतेपद होते.