मिरज, मनमाड आणि पेट्रोलची टाकी

दातिवऱ्याला जाताना मित्राची जुनी, धिप्पाड पेट्रोल एसयूव्ही होती. "वीस टक्के दारू भरतात, म्हणून ॲव्हरेज पडलंय," ही त्याची कुरकुर सफाळ्यापर्यंत चालू. (दारू म्हणजे इथेनॉल हो!) म्हटलं, हे प्रकरण मुळापासून बघूच.

तर मूळ निघालं आपल्याच राज्यात. २००१ मध्ये ५ टक्के मिश्रणाचे तीन प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यातले दोन मिरज आणि मनमाडला, तिसरा बरेलीला. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के सक्तीचे झाले आणि लगेच गाडं अडलं. इंजिनापायी नाही, उसापायी! महाराष्ट्रात दुष्काळ, त्यात उसावर लोकरी मावा. मळीच नाही तर इथेनॉल कुठून आणणार? २००४ मध्ये सक्ती गुंडाळली.

१० टक्के गाठायला जून २०२२ उजाडलं. पुढचे १० मात्र २०२५ पर्यंत, म्हणजे जेमतेम तीन वर्षांत. घाई झाली ती इथे, असं माझं मत.

आता हिशोब. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. ६० लिटरच्या टाकीत १२ लिटर इथेनॉल, म्हणजे ४ लिटर पेट्रोलची ऊर्जा गायब. लिटरला ८ किमी देणाऱ्या धुडाला टाकीमागे ३२ किमीचा फटका. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो हे खरं, पण त्याचा पुरता फायदा उठवायला इंजिनाचं कॉम्प्रेशनही जास्त लागतं. जुन्या गाडीत ते कुठून येणार?

गंमत म्हणजे २००३ मध्येच ब्राझीलच्या बाजारात पेट्रोल-इथेनॉल कसंही मिसळून चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या आल्या होत्या.