रायगड जिल्ह्यातील विंचूदंशावरील उपचार आणि विषमाहिती सेवेची भूमिका : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पेण व रोहा हे रायगड जिल्ह्यातील, म्हणजेच १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, भातशेतीचे आणि डोंगराळ वाड्यांचे तालुके होत. कोकणच्या या पट्ट्यात लाल विंचवाचा दंश हे दीर्घकाळ मृत्यूचे एक कारण राहिले. विषबाधेवरील उपचारात औषधाइतकेच माहितीचेही महत्त्व असते, हे या दंशाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

पूर्वस्थिती

विंचू ‘उतरविण्याची’ प्रथा कोकणात जुनी आहे. बहुतेक दंशांत केवळ वेदना होतात व त्या कालांतराने शमतात. त्याचे श्रेय मांत्रिकास मिळत असे. लाल विंचवाच्या गंभीर दंशात मात्र उलटी, दरदरून घाम व हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साठते. १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतात अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते.

महाड येथील संशोधन

पेण-रोह्याच्या दक्षिणेस, महाड तालुक्यातील बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ मध्ये रुजू झाले. दंशाची पूर्वलक्षणे नोंदविणारा त्यांचा लेख ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात १९८२ मध्ये, तर प्राझोसिनच्या उपयोगाविषयीचे लेखन १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. या कार्यात डॉ. प्रमोदिनी बावसकर यांचा सहभाग होता. प्राझोसिन हे उच्च रक्तदाबावरील औषध पूर्वीपासूनच वापरात होते. विषामुळे आकसलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करते. म्हणजेच औषध उपलब्ध होते. उणीव होती ती ज्ञानाची. या उपचारानंतर मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. पुढे महाड येथे ७० रुग्णांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ रुग्णांनाच तेवढ्या अवधीत पूर्ण आराम पडला.

विषमाहिती सेवेची भूमिका

अमेरिकेतील शिकागो येथे १९५३ मध्ये पहिले विषनियंत्रण केंद्र स्थापन झाले. भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. कोणते विष, किती वेळ झाला, कोणते औषध द्यावे व कोणते टाळावे, याचे उत्तर दूरध्वनीवरून चोवीस तास देणे, हे अशा केंद्राचे कार्य होय. या उपचाराचा शोध लागला तेव्हा देशात अशी यंत्रणा नव्हती. त्यामुळे हे ज्ञान लेख, व्याख्याने व डॉक्टरांच्या परस्परसंपर्कातूनच पसरले. एका तालुक्यात रुग्ण वाचत असताना शेजारच्या तालुक्यात तोच उपचार अज्ञात असणे, हा त्या संथ प्रसाराचा धोका होता.

समारोप

आज रोह्यानजीक धाटाव येथे रासायनिक कारखाने आहेत, शेतीत कीटकनाशके आहेत आणि विंचूही आहेच. दुर्गम वाडीवरील रुग्णाचे पहिले काही तास वाटेतच जातात. अशा वेळी प्रथम भेटणारा डॉक्टर वा औषधविक्रेता यांच्यापर्यंत अचूक माहिती पोहोचणे, हाच उपचाराचा आरंभ होय. खेड्यातील आरोग्य केंद्र ज्ञान निर्माण करू शकते, हे महाडने सिद्ध केले. ते ज्ञान प्रत्येक वाडीपर्यंत वेळेत नेणे, हे माहिती सेवेचे उत्तरदायित्व आहे.