घाण्याचा बैल आणि रविवारची सुट्टी

सज्जनहो, मावळात भंडाऱ्याच्या डोंगराजवळ सुदुंबरे नावाचे गाव आहे. संत संताजी महाराज जगनाडे यांची समाधी तिथे आहे. संताजी जातीचे तेली, तुकोबारायांचे टाळकरी आणि त्यांचे अभंग लिहून ठेवणारे. तेल्याच्या घरी घाणा. बैलाच्या डोळ्यांना झापड बांधली की तो दिवसभर एकाच रिंगणात फिरायचा. पण घाणा कधीतरी थांबत असे, म्हणून संताजींच्या हाती टाळ आला, लेखणी आली.

आपल्या वाडवडिलांनी कामाला अशी वेस घातलेली होती. बैलाला पोळा होता, माणसाला एकादशी होती. आषाढीची वारी तर ऐन आवणीच्या दिवसांत येते. तरी मावळातला वारकरी भाताचे खाचर भावकीवर सोपवून निघतो. काम बुडत नाही, कारण माणसे एकमेकांची कामे उचलतात.

मग काळ पालटला. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला आणि घाटावरची माणसे मुंबईच्या गिरण्यांत जाऊ लागली. तिथे उजाडल्यापासून सूर्यास्तापर्यंत काम, आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. घाणा फिरतच राहिला. बैल सोडणारा कोणी उरला नाही.

तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. एका गिरणीत नोकरी केलेली असल्याने त्यांना ते हाल ठाऊक होते. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार. रविवार तर खंडेरायाचा वार, हेही त्यांनी सांगितले. मालकांनी दाद दिली नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यांत बायाही होत्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

आता कोणी शंका घेईल, ‘महाराज, सावतोबांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला. काम हीच भक्ती, मग सुट्टी कशाला?’ शंका योग्य आहे. पण सावतोबांच्या खुरप्याबरोबर नाम चालत होते. ज्या कामात नामाला जागा नाही, घरच्या लेकराचे तोंड पाहायला जागा नाही, ते काम मळा नव्हे, घाणा आहे. ओळखायची खूण एकच. हात थांबले की मन शांत होते, की कासावीस होते? कासावीस होत असेल तर डोळ्यांवर झापड आहे, असे समजावे.

आज तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत तीन पाळ्या चालतात. आपलीच मुले तिथे आहेत. कोणी हप्त्यांपायी सुट्टीच्या दिवशीही ओव्हरटाइम घेतो, कोणी ताटावर बसूनही मोबाइलवर साहेबाला उत्तर देतो. पूर्वी मालक सुट्टी देत नव्हता. आता मिळालेली सुट्टी आपण आपल्या हाताने परत करतो. ज्याला पोटासाठी करावेच लागते, त्याला बोल लावू नये. घरच्यांनी त्याचा भार वाटून घ्यावा, वारीला निघालेल्याचा भावकी घेते तसा. पण ज्याचे भागते आहे त्याने स्वतःला विचारावे, हे कोणासाठी?

लोणावळ्याच्या तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीला उतरते आणि त्याची वीज मुंबईला जाते. पावसाळ्यात ते पाणी अडवून साठवले, म्हणून वर्षभर वीज निघते. सगळे वाहून गेले असते तर उन्हाळ्यात काय उरले असते? माणसाचेही तसेच आहे.

म्हणून माउली, एवढे करा. सांजवेळी घरात हरिपाठ होईल तेवढा वेळ मोबाइल बाजूला ठेवा. रविवारी एक वेळ तरी सगळे एका पंक्तीला बसा. एकादशीला देवळात जा, आणि शेजारचा पाळीवरून थकून आलेला दिसला तर त्याचे एखादे काम तुम्ही उचला. तो दिवस लोखंड्यांनी आणि हजारो कामगारांनी झगडून मिळवला आहे. तो वाया घालवू नका. रामकृष्णहरी.