थांबलेले युद्ध : ब्रिटिश सैनिकाचे छायाचित्र आणि त्याखालची ओळ

१

युद्धाचे छायाचित्र म्हटले की धूर, धावणारी माणसे आणि रोखलेल्या संगिनी असे दृश्य सामान्यतः कल्पिले जाते. प्रत्यक्षात ब्रिटिश सैनिकांच्या ऐतिहासिक छायाचित्रांचा संग्रह चाळू लागले की या कल्पनेला फारसा आधार सापडत नाही. तेथे तंबूपुढे बसलेले शिपाई दिसतात, भटारखान्याची भांडी दिसतात, रस्त्याच्या कडेला विसावलेली पलटण दिसते, खंदकाच्या मातीला टेकून झोपलेली माणसे दिसतात. लढाईच्या आधीचे आणि नंतरचे पुष्कळ काही दिसते. लढाई मात्र क्वचितच दिसते. हा संग्रह मुख्यतः थांबलेल्या युद्धाचा संग्रह आहे.

या वस्तुस्थितीची दोन कारणे नेहमी सांगितली जातात : तंत्राची मर्यादा आणि लष्करी नियंत्रण. दोन्ही खरी आहेत, पण अपुरी आहेत. छायाचित्रातील विश्रांतीला ‘युद्ध’ हा अर्थ कोठून प्राप्त होतो, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. तो अर्थ चित्राखालच्या ओळीतून येतो. चित्रओळीवाचून छायाचित्र संदिग्ध राहते, हा विचार वॉल्टर बेंजामिनने १९३१ साली छायाचित्रणाच्या इतिहासावरील निबंधात मांडला होता. ब्रिटिश सैनिकाच्या बाबतीत ही चित्रओळ केवळ अर्थाचे नियमन करीत नाही. कोणाला नाव द्यावयाचे आणि कोणाला द्यावयाचे नाही, हेही तीच ठरविते. छायाचित्र आणि चित्रओळ मिळून एकच संहिता होते असे मानले, तर या संहितेचा इतिहास हा सैनिकाच्या नामाचा आणि अनामिकतेचाही इतिहास ठरतो.

२

या इतिहासाचा आरंभ क्रिमियात होतो. १८५४-५५च्या हिवाळ्यात सेव्हास्तोपोलला वेढा घालून बसलेल्या ब्रिटिश सैन्याची थंडी, उपासमार आणि रोगराई यांनी दैना उडाली होती. ‘द टाइम्स’चा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल याच्या वृत्तांतांनी लोकमत प्रक्षुब्ध झाले आणि जानेवारी १८५५मध्ये ॲबर्डीन मंत्रिमंडळाला पायउतार व्हावे लागले. याच सुमारास मँचेस्टरच्या थॉमस ॲग्न्यू या चित्रविक्रेत्या पेढीच्या वतीने रॉजर फेंटन क्रिमियाला निघाला. मार्चमध्ये तो बालाक्लाव्हाला पोहोचला तेव्हा हिवाळा ओसरत होता. जूनअखेर आजारी अवस्थेत तो परतला. या काळात त्याने साडेतीनशेच्या आसपास छायाचित्रे घेतली.

फेंटन ओल्या कलोडियनची प्रक्रिया वापरीत असे. काचेवर रसायनाचा थर द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि लगेच अंधाऱ्या गाडीत जाऊन ते स्थिर करावयाचे. चित्र घेण्यास कित्येक सेकंद लागत. हलणारा माणूस या काचेवर उमटत नसे. उमटला तरी धुक्यासारखा. म्हणजे सैनिकाने सैनिकाचे काम थांबविल्यावाचून त्याचे छायाचित्र घेणेच शक्य नव्हते. ‘आठव्या हुसार्सचा भटारखाना’ हे फेंटनचे प्रसिद्ध चित्र या अटीतूनच घडले आहे. चूल, भांडी, भोवताली उभी-बसलेली माणसे अशा त्या दृश्यात तळावरच्या जीवनाचा जिवंतपणा आहे. पण प्रत्येकाने आपले अंग सावरून धरले आहे, हेही लपत नाही. हिवाळा संपल्यानंतर हिवाळी वेश चढवून उभे राहिलेल्या सैनिकांची चित्रे याहून बोलकी आहेत. सरकार ज्या थंडीमुळे पडले तिची आठवण या चित्रांत नीटनेटका पोशाख होऊन येते.

आणि या चित्रांखालच्या ओळी? अधिकाऱ्यांच्या एकल प्रतिमांना नाव, हुद्दा आणि पलटण लाभली आहे. ग्रेनेडियर गार्ड्सचा कॅप्टन लॉर्ड बालगोनी हा तरुण अधिकारी त्याच्या थकलेल्या, शून्यात लागलेल्या डोळ्यांसह आजही नावानिशी ओळखला जातो. सामान्य शिपाई मात्र बहुधा पलटणीच्या क्रमांकात सामावून जातो. कॅमेऱ्यापुढे दोघेही सारखेच निश्चल उभे राहिले होते. विषमता काचेवर नाही, काचेखालच्या शब्दांत आहे.

शब्दाचे सामर्थ्य फेंटनच्या सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या चित्रात स्पष्ट होते. २३ एप्रिल १८५५ रोजी त्याने एका ओसाड घळीची दोन चित्रे जवळजवळ एकाच जागेवरून घेतली. एकात रस्ता मोकळा आहे, दुसऱ्यात त्यावर तोफगोळे विखुरलेले आहेत. फेंटनने गोळे मांडून दृश्य रचले, असे सूझन सोंटॅगने २००३ साली म्हटले. एरल मॉरिस याने २००७ साली उतारावरून घसरलेल्या लहान दगडांच्या जागा ताडून मोकळ्या रस्त्याचे चित्र आधीचे असल्याचा निष्कर्ष काढला. गोळे कोणी आणि कशासाठी हलविले, याविषयीचे तर्क मात्र तर्कच राहतात. साहित्याच्या अभ्यासकाला येथे दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटावी. ‘मृत्युच्छायेची दरी’ हे नाव बायबलमधील तेविसाव्या स्तोत्रातून येते. डिसेंबर १८५४मध्ये प्रकाशित झालेल्या टेनिसनच्या कवितेने ते शब्द लाइट ब्रिगेडच्या चढाईशी जोडले होते. ती चढाई २५ ऑक्टोबर १८५४ रोजी वेगळ्याच दरीत झाली होती. तरी त्या नावामुळे इंग्रज प्रेक्षकाला माणूस नसलेल्या या चित्रात घोडदळ दिसू शकले. चित्रातले रितेपण चित्रओळीतल्या काव्यसंस्काराने भरून काढले.

३

फेंटनच्या क्रिमियन चित्रांत प्रेते नाहीत. म्हणून व्हिक्टोरियन अभिरुचीला प्रेत असह्य होते, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. लखनौचे उदाहरण या अनुमानाला छेद देते. नोव्हेंबर १८५७मध्ये सर कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने सिकंदर बागेवर हल्ला केला. आत कोंडले गेलेले सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई मारले गेले. क्रिमियातही काम केलेला फेलिचे बिआटो १८५८मध्ये लखनौला आला. त्याने टिपलेल्या पडझड झालेल्या इमारतीच्या अंगणात मानवी अस्थी पसरलेल्या आहेत. कत्तलीला तेव्हा काही महिने लोटले होते. त्यामुळे त्या अस्थी चित्रासाठी मांडल्या गेल्या, असे अभ्यासकांचे मत आहे.

या चित्राची ओळ मृतांची संख्या सांगते, त्यांना मारणाऱ्या ९३व्या हायलँडर्स आणि चौथ्या पंजाब पलटणीचा नामनिर्देश करते. मारणाऱ्याला निदान पलटणीचे नाव आहे. मरणाऱ्याला केवळ आकडा आहे. प्रेत दाखविण्याचा निषेध सार्वत्रिक नव्हता. तो आपल्या प्रेतापुरता होता. ब्रिटिश सैनिकाच्या प्रतिमेला जी शालीनता लाभली, तिची दुसरी बाजू सिकंदर बागेच्या अंगणात आहे. दोन्ही एकाच दृश्यव्यवस्थेचे भाग म्हणून वाचल्याशिवाय क्रिमियातील त्या शांत तळांचा अर्थ पुरता लागत नाही.

४

पहिल्या महायुद्धापर्यंत तंत्राची अडचण बरीचशी दूर झाली होती. १९१२मध्ये बाजारात आलेला ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’ खिशात मावत असे आणि युद्धकाळात ‘सैनिकाचा कॅमेरा’ म्हणून त्याची जाहिरात होत होती. सैनिक स्वतःचे जीवन स्वतः टिपू शकत होता. १९१४च्या नाताळात ब्रिटिश आणि जर्मन सैनिक खंदकांबाहेर येऊन एकमेकांना भेटले, त्या भेटीचे चित्र अशाच खाजगी कॅमेऱ्याने टिपले आणि ८ जानेवारी १९१५च्या ‘डेली मिरर’मध्ये ते छापले गेले. शत्रूच्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला सैनिक कोणत्याही अधिकृत चित्रओळीत बसणारा नव्हता. आघाडीवर कॅमेरे बाळगण्यास मनाई करणारे आदेश डिसेंबर १९१४पासूनच निघू लागले होते. १९१५मध्ये ते अधिक कडक झाले. आता थांबण्याची सक्ती काचेकडून येत नव्हती. ती हुकमातून येत होती.

रिकाम्या झालेल्या जागी १९१६मध्ये अधिकृत छायाचित्रकार आले : प्रथम अर्नेस्ट ब्रुक्स, पाठोपाठ जॉन वॉरविक ब्रुक. त्यांची चित्रे अभ्यवेक्षकाच्या हाताखालून जात. १ ऑगस्ट १९१७ रोजी बूसिंगेजवळ गुडघाभर चिखलातून जखमी माणसाला वाहून नेणारे स्ट्रेचरवाले ब्रुकने टिपले. ५ ऑक्टोबर १९१७ रोजी फ्रेझेनबर्गजवळ आघाडीकडे निघालेल्या ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या काळ्या आकृती ब्रुक्सने आभाळाच्या पार्श्वभूमीवर टिपल्या. चेहरे पुसले गेल्यामुळेच त्या आकृती कोणाच्याही होऊ शकतात, हे या चित्राच्या लोकप्रियतेचे रहस्य असावे. सौंदर्य आणि अनामिकता येथे एकमेकींना पूरक ठरतात.

ब्रुकचे जुलै १९१६मधील ओव्हिलेरचे चित्र मात्र वेगळ्या जातीचे आहे. जिंकलेल्या जर्मन खंदकात चेशायर पलटणीचा एक पहारेकरी जागा आहे. बाकीचे जागा मिळेल तेथे कोसळल्यासारखे झोपले आहेत. ते झोपलेले आहेत हे चित्रओळ सांगते म्हणून कळते. ती झाकली तर झोप आणि मृत्यू यांत भेद करणे कठीण जाते. जे दाखविण्यास बंदी होती, ते परवानगी मिळालेल्या विश्रांतीच्या आडून चित्रात शिरले आहे.

त्याच महिन्यात मॅलिन्स आणि मॅक्डॉवेल यांनी चित्रित केलेला ‘द बॅटल ऑफ द सोम’ हा चित्रपट ऑगस्ट १९१६मध्ये प्रदर्शित झाला. खंदकातून वर चढणारे आणि कोसळणारे सैनिक दाखविणारे त्यातील दृश्य आघाडीच्या मागे रचून घेतले होते, हे पुढे सिद्ध झाले. तरी त्यातील स्थिरचित्रे हल्ल्याचा पुरावा म्हणून पुस्तकांतून छापली जात राहिली. त्याच चित्रपटात १ जुलैच्या सकाळी बोमाँ-हामेलजवळच्या खोलगट वाटेत हल्ल्याची वाट पाहत बसलेले लँकेशायर फ्युझिलियर्स आहेत. ते दृश्य अस्सल आहे. चढाई रचलेली आणि प्रतीक्षा खरी, हा विरोधाभास संपूर्ण संग्रहाचे सूत्र म्हणता येईल. दुसऱ्या महायुद्धातही त्याची पुनरावृत्ती झाली. ऑक्टोबर १९४१मध्ये स्थापन झालेल्या सेनेच्या चित्रपट व छायाचित्र पथकातील लेन चेटविन याने एल अलामेनची म्हणून गाजलेली धुरातून झेपावणाऱ्या पायदळाची प्रतिमा मागच्या बाजूस ऑस्ट्रेलियन सैनिकांकरवी रचली होती.

५

फ्रान्समधील व्हिन्याकूर या गावी लुई आणि आंत्वानेत त्युइलिए हे दांपत्य सैनिकांची छायाचित्रे काढून देत असे. आघाडीमागे विश्रांतीस आलेले ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश आणि इतर सैनिक रंगविलेल्या पडद्यापुढे उभे राहत आणि पोस्टकार्डावर छापलेली प्रत घरी धाडीत. सुमारे चार हजार काचा २०११मध्ये माळ्यावरील पेट्यांत सापडल्या. या चित्रांत सैनिक अधिकाऱ्याच्या हुकमाने उभा नाही. त्याने पैसे मोजून स्वतःची प्रतिमा करवून घेतली आहे. हसू, तिरकी टोपी, मित्राच्या खांद्यावरचा हात ही त्याची स्वतःची निवड आहे. पण काचेवर ओळ नाही. नाव पोस्टकार्डामागे होते आणि पोस्टकार्ड आईकडे किंवा पत्नीकडे गेले. अधिकृत संग्रहाने शब्द राखले आणि माणसाचे नाव गाळले. येथे चेहरा उरला आणि शब्द घरी गेले.

१९१७मध्ये स्थापन झालेल्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात ‘क्यू १’ हा क्रमांक असलेले छायाचित्र आहे. दळणवळणाच्या खंदकात रसद नेणारी रॉयल आयरिश रायफल्सची तुकडी क्षणभर थांबली आहे. काहींनी कॅमेऱ्याकडे थेट पाहिले आहे. दिनांक १ जुलै १९१६ असावा असे मानले जाते, आणि पलटण बहुधा पहिली, एवढेच त्याची चित्रओळ सांगते. ब्रिटिश सेनेच्या इतिहासातील सर्वाधिक रक्तरंजित दिवसाच्या या प्रतिमेत रक्त नाही, हल्ला नाही, नाव नाही. आणि जे शब्द आहेत तेही ‘असावा’, ‘बहुधा’ असे अडखळणारे आहेत.

हे अडखळणे संग्रहाचे वैगुण्य मानण्याचे कारण नाही. क्रिमियापासून चित्रओळीने जो निःशंक स्वर धारण केला होता, तो येथे प्रथम सैल होतो आणि आपल्याला ठाऊक नाही हे मान्य करतो. या संग्रहाकडे येणाऱ्या अभ्यासकाने म्हणून दोनदा वाचावे : एकदा ओळीसह, एकदा ओळ झाकून. पहिल्या वाचनात सेनेचा इतिहास हाती लागतो. दुसऱ्या वाचनात एक माणूस क्षणभर थांबून आपल्याकडे पाहतो, आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारावी, हे कळत नाही.