गिअरबॉक्सच्या तेलाला वारा

अमेरिकेतल्या पिकअप ट्रकच्या पुढच्या जाळीतून आत डोकावले, तर एसीच्या कंडेन्सरपुढे कधी कधी वहीएवढी काळी चौकट दिसते. तिच्यात अॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या असतात आणि बाजूने दोन रबरी नळ्या मागे गेलेल्या असतात. हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा कूलर. अनेकदा तो कारखान्यातून आलेला नसतो. मालकाने दुकानातून खोका आणून सुटीच्या दिवशी घराच्या अंगणात बसवलेला असतो. भारतातले मालट्रक बहुतांशी क्लच दाबून गिअर टाकण्याचे, त्यामुळे इथल्या मेकॅनिकच्या हाताखालून हा भाग फारसा जात नाही. अमेरिकेत मात्र त्याला साठेक वर्षांचा इतिहास आहे.

कूलर लागतो, कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फक्त वंगणाचे काम करत नाही. इंजिनची ताकद चाकांकडे नेण्याचे कामही तेच करते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये समोरासमोर दोन पाती-चक्रे असतात. एक इंजिनाबरोबर फिरते आणि तेल फेकते, त्या तेलाच्या माऱ्याने दुसरे फिरते. दोघांचा वेग कधीच नेमका सारखा नसतो. चढावर, ओझ्याखाली, सावकाश चालताना ही घसरण वाढते आणि वाया गेलेली ताकद तेलात उष्णता होऊन उतरते. इंजिन 100 अश्वशक्ती देत असताना त्यातल्या 15 अशा गेल्या, तर ती उष्णता सुमारे 11 किलोवॅट भरते. घरातले 2 किलोवॅटचे पाच-सहा गीझर एकदम चालू करून त्या मूठभर तेलात सोडावेत, तसा हा प्रकार.

जनरल मोटर्सने 1940 च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रा-मॅटिक हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नव्हता, साधी द्रव-जोडणी होती आणि चार गिअर होते. घसरण कमी असल्याने उष्णताही आवाक्यात राहत असे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-5 या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिने आणि दोन हायड्रा-मॅटिक बसवले गेले. पुढे 1948 मध्ये ब्यूइकचा डायनाफ्लो आला. त्याने गिअर बदलण्याचा धक्काच काढून टाकला, कारण पुढे जाताना सगळा भार कन्व्हर्टरवर टाकला होता. गाडी लोण्यासारखी सरकत असे, पण रेंगाळत निघे. त्या मऊपणाची किंमत उष्णतेत मोजावी लागे. फोर्ड-ओ-मॅटिकच्या 1951 पासूनच्या सुरुवातीच्या काही आवृत्त्यांत कन्व्हर्टरच्या कवचात वारा खेळवून भागवले जाई. ट्रकचे वजन आणि चढ आले की तेवढा वारा पुरत नाही. शेवरलेने 1954 पासून हलक्या ट्रकवर हायड्रा-मॅटिक देऊ केला, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शेतावर, बांधकामावर, ओझ्याखाली आला.

कारखान्यांनी काढलेला उपाय स्वस्त आणि हुशारीचा होता. रेडिएटरची जी टाकी थंड बाजूची, तिच्यात एक पितळी नळी बसवायची आणि गिअरबॉक्सचे तेल तिच्यातून फिरवायचे. बाहेर वेगळे यंत्र नको, वेगळा पंखा नको. हिवाळ्यात तर ही टाकी उलटे काम करते: मिनेसोटाच्या थंडीत गोठल्यासारखे झालेले तेल इंजिनाच्या गरम पाण्याने लवकर ऊबदार होते. उणीव एकच, पण मोठी. तेल त्या टाकीतल्या पाण्यापेक्षा थंड होऊ शकत नाही. चढावर ट्रेलर ओढताना नेमके तेव्हाच इंजिनही तापलेले असते, आणि मग एक तापलेला दुसऱ्या तापलेल्याकडे उष्णता सोपवू पाहतो.

असा प्रसंग वारंवार येऊ लागला तो महामार्गांमुळे. 1956 च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे सुरू झाले आणि सुटीत घरच मागे बांधून निघण्याची हौस मध्यमवर्गाला परवडू लागली. पिकअपच्या मागच्या हौद्यावर कॅम्परची खोली चढवणे, पाठीमागे ट्रेलर लावणे आणि रॉकी पर्वत ओलांडणे हा साठीच्या दशकातल्या उन्हाळ्याचा नित्यक्रम झाला. फोर्डने ‘कॅम्पर स्पेशल’ नावाने मोठा रेडिएटर आणि मोठी बॅटरी असलेला पिकअप विकायला काढला. मात्र ज्याने साधा ट्रक आधीच घेतला होता, त्याला वेगळी वाट शोधणे भाग होते. कॅलिफोर्नियात शर्यतीच्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांनी 1963 मध्ये आपली संघटना स्थापन केली होती. बी अँड एम, हेडन अशा कंपन्या आणि शिकागोच्या जे. सी. व्हिटनीचा टपाल-कॅटलॉग यांनी तेल वेगळ्या कूलरमधून वाऱ्यावर थंड करण्याची शर्यतीच्या मैदानावरची युक्ती घरगुती ट्रकपर्यंत आणली. खोक्यावर वाहनाचे एकूण वजन छापलेले असे. गिऱ्हाइकाने फक्त आपल्या ट्रेलरचा आकडा जुळवायचा.

हे काम दिसते तितके सोपे नाही आणि वाटते तितके अवघडही नाही. पहिला प्रश्न असतो: दोनपैकी परतीची नळी कोणती? इंजिन थंड असताना सुरू करून दोन्ही नळ्यांना हात लावला, की आधी गरम होते ती गिअरबॉक्समधून बाहेर जाणारी. दुसरी परतीची. नवा कूलर परतीच्या नळीत जोडायचा, म्हणजे तेल आधी रेडिएटरमधून जाईल, उरलेली उष्णता वाऱ्यात सोडेल आणि मग गिअरबॉक्समध्ये परतेल. उलटी जोडणी केली, तर वाऱ्याने थंड झालेले तेल पुन्हा गरम पाण्यात बुडवल्यासारखे होते. लोखंडी नळी कापल्यावर टोकाला ओठ काढावा लागतो. तो नसला, तर दाबाखाली रबरी नळी एखाद्या दिवशी हळूच निसटते आणि मैलभरात गिअरबॉक्स कोरडा पडतो. पेट्रोलची साधी रबरी नळीही चालत नाही. ती तेलाच्या उष्णतेने कडक होऊन तडकते. कूलरची तोंडे वर किंवा बाजूला ठेवायची, खाली ठेवली तर आत हवा अडकते.

त्यात सगळ्यात मोहाचा भाग म्हणजे खोक्यात येणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक काड्या. त्या कंडेन्सरच्या जाळीतून आरपार घालून कूलर टांगला की पाच मिनिटांत काम उरकते. मग वर्षा-दोन वर्षांच्या थरथरीत कूलर कंडेन्सरवर घासत राहतो आणि एक दिवस एसीचा गॅस निघून जातो. जाणती माणसे पत्र्याची पट्टी वाकवून चॅसिसच्या भोकांना बोल्ट मारतात. शेवटी इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सचे तेल डिपस्टिकवर बघायचे, कारण नव्या कूलरने आणि नळ्यांनी आपला वाटा आधीच पिऊन घेतलेला असतो.

तेलाची स्वतःची कथा याहून वेगळी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जुन्या तेलात स्पर्म व्हेलच्या तेलाचा अंश घातलेला असे. उष्णतेत ते टिकाव धरी आणि आतल्या क्लचपट्ट्यांना हवी तेवढीच पकड देई. अमेरिकेत 1970 मध्ये हा व्हेल संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आला, 1973 च्या कायद्याने संरक्षण पक्के झाले आणि पर्याय शोधावा लागला. जनरल मोटर्सच्या डेक्स्रॉन-2 ‘सी’ या नव्या तेलाने रेडिएटरमधल्या कूलरच्या सांध्यांवरचा डाख गंजू लागला. डाख गेला की पाणी तेलात शिरे आणि गिअरबॉक्स संपे. पुढे ‘डी’ नावाचे सुधारित तेल आले तेव्हा हा त्रास आटोक्यात आला.

बाजारातला कूलर लावला तर कंपनी गॅरंटी नाकारेल ही भीती 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने बरीच कमी केली. बाहेरचा भाग बसवला एवढ्यानेच गॅरंटी रद्द करता येत नाही. त्या भागाने बिघाड झाला हे कंपनीला दाखवावे लागते. त्याच सुमारास गिअरबॉक्सही बदलत होते. कन्व्हर्टरची दोन्ही चक्रे एकत्र जखडणारा क्लच पॅकार्डने 1949 मध्येच दिला होता. क्रायस्लरने 1978 मध्ये तो पुन्हा आणला आणि ऐंशीच्या दशकात तो सर्रास झाला. सपाट रस्त्यावर त्याने घसरण थांबवली, पण ओव्हरड्राइव्ह या सर्वांत वरच्या गिअरसह आलेल्या नव्या गिअरबॉक्सने नवा घोळ घातला. ट्रेलर मागे असताना चढ-उतारावर गिअर सतत मागे-पुढे होत, जखडणारा क्लच सुटे आणि लागे, आणि तेल तापत राही. ओझे असताना ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा, हा सल्ला तेव्हापासून रूढ झाला.

रेडिएटरच्या आत कूलर ठेवण्याच्या मूळ कल्पनेची लक्तरे 2005 ते 2010 च्या निसान फ्रंटिअर आणि पाथफाइंडरमध्ये उघडी पडली. आतली भिंत फुटून पाणी गिअरबॉक्समध्ये शिरू लागले. डिपस्टिकवर येणारा गुलाबी फेस पाहून मालकांनी त्याला ‘स्ट्रॉबेरी मिल्कशेक’ म्हटले. प्रकरण न्यायालयात गेले आणि कंपनीला रेडिएटरची हमी वाढवावी लागली. अनेकांनी मात्र वाट पाहिली नाही. त्यांनी रेडिएटरमधली जोडणी तोडून टाकली आणि सगळे तेल बाहेरच्या कूलरकडे वळवले.

ट्रक किती ओढू शकतो, हा आकडा तोवर प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने छापत असे. त्यामुळे त्याला शंकेने बघण्याची मालकांची सवय योग्यच होती. अमेरिकी अभियंत्यांच्या संघटनेने 2008 मध्ये जे-2807 हे मानक जाहीर केले. टोयोटाने ते 2011 च्या टुंड्रावर आधी लावले, डेट्रॉइटच्या कंपन्या मागून आल्या. चाचणीची जागा ॲरिझोनातला डेव्हिस धरणाजवळचा चढ आहे: सुमारे 18 किलोमीटरमध्ये जवळजवळ 900 मीटर उंची, हवा किमान 38 अंश सेल्सियस, एसी पूर्ण चालू, मागे ट्रेलर, आणि साध्या पिकअपचा वेग ताशी 64 किलोमीटरखाली जाता कामा नये. अशा परीक्षेत उतरायचे तर कूलर कारखान्यातूनच नीट घालावा लागतो.

तरी मालकांची खटपट थांबलेली नाही. इंधन वाचावे म्हणून आताचे गिअरबॉक्स तेल मुद्दाम गरम ठेवतात. 2014 नंतरच्या शेवरले आणि जीएमसी पिकअपमध्ये तेल ठरावीक तापेपर्यंत कूलरकडे जाऊ न देणारी मेणाची झडप असते. ती काढून किंवा बदलून तेल आधीच कूलरकडे वळवण्याचे सुटे भाग आता कूलरच्या खोक्यांशेजारीच विकायला ठेवलेले असतात.